मोबाईल बोलतो, पण कुणाशी?

गेल्या वर्षाच्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑगस्ट सरत आला होता. माझा एक जुना विद्यार्थी, आज वयाने सत्तेचाळीसचा, शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. मुलीच्या दाखल्यासाठी आला होता, पण चेहरा दाखल्याचा नव्हता. दोन एकर बटाटा करप्याने गेला होता. सोसायटीचे कर्ज, बियाण्याची उधारी आणि पोरीची फी अशी तिहेरी गाठ त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होती. बोलता बोलता त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "सर, हे काय आलंय बघा. रिचार्जवाल्यांचं असेल म्हणून सोडून दिलं होतं." संदेश कानडीत होता. नववीतल्या मुलीने तो वाचून दाखवला. हवामान दमट राहणार असल्याने बटाट्यावर करपा येण्याचा संभव आहे, रोग दिसण्यापूर्वीच मँकोझेबची फवारणी घ्यावी, शेतात पाणी साचू देऊ नये. तारीख पाहिली. रोग दिसण्याच्या चार दिवस आधीचा तो संदेश होता.

चार दिवस! शेतीशास्त्र बरोबर होते, हवामानाचा अंदाज बरोबर होता, यंत्र बरोबर होते, उपग्रहापासून मनोऱ्यापर्यंत आणि मनोऱ्यापासून त्याच्या खिशापर्यंत सारी साखळी बिनचूक चालली होती. शेवटची एक वीत तेवढी राहिली. खिशापासून कानापर्यंतची. त्या एका वितीत दोन एकर बटाटा गेला. पान काळे पडल्यावर तो दुकानदाराकडे धावला. दुकानदाराने त्याच्याशी त्याच्या भाषेत गोड बोलून महागडे टॉनिक गळ्यात मारले. रोग आत शिरल्यावर त्या बाटलीचा उपयोग काय होणार?

वाचकहो, या प्रसंगात मला कुणा एका अधिकाऱ्याला दोष द्यायचा नाही. संदेश पाठवणाऱ्याने आपले काम केले. माझे भांडण आहे ते एका समजुतीशी. ती समजूत अशी की, माहिती पाठवली म्हणजे ती पोहोचली. आज दिल्लीपासून नैरोबीपर्यंत सगळ्या गरीब देशांच्या कृषिखात्यांना या समजुतीने पछाडले आहे. ग्रामसेवक नेमायला पैसे नाहीत, कृषी सहायकांच्या जागा रिकाम्या आहेत, मग काय करायचे? अॅप काढायचे. अॅपचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, किती लाख शेतकऱ्यांना किती कोटी संदेश गेले याचा आकडा छापून येतो. किती शेतकऱ्यांना ते समजले, हा आकडा मात्र आजवर कुठल्याही उद्घाटनात मी ऐकलेला नाही.

ही समजूत नवी नाही आणि तिच्यावरचे उत्तरही नवे नाही. ते उत्तर आपल्याच मातीत शोधले गेले होते, ही आपल्याला विसर पडलेली गोष्ट आहे. सन 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. गावोगाव वीसेक शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम. मंडळी एकत्र बसत, रेडिओ ऐकत, तो बंद झाला की आपसांत चर्चा करत, शंका लिहून पुण्याला पाठवत आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, पॉल न्यूराथ या अभ्यासकाकडे होती. त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली: मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. मंडळाच्या गावांत शेतकऱ्यांचे ज्ञान लक्षणीय वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडे वाढले.

म्हणजे पेटी तीच, आवाज तोच, भाषा तीच. फरक होता तो ऐकून झाल्यावर पाराखाली झालेल्या बोलण्याचा. पेटी बी टाकते, पण ते रुजते माणसांच्या बोलण्यात. एवढे सोपे सत्य सत्तर वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सिद्ध झाले. पुढे ही मंडळे देशभर नेण्याचा घाट घातला गेला, पण मंडळ चालवायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, पेटी काय एकदा घेतली की झाले. हळूहळू मंडळे विरली आणि पेट्या उरल्या. त्यानंतर 26 जानेवारी 1967 ला दूरदर्शनवर 'कृषिदर्शन' सुरू झाले. 1975-76 मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत सामूहिक दूरदर्शन संच बसवण्यात आले. त्यांत आमच्या जवळचे विजापूर होते, गुलबर्गा आणि रायचूर होते. प्रत्येक वेळी नवी पेटी आली की आधीच्या पेटीने शिकवलेला धडा अडगळीत गेला.

संगणकाची पाळी आली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोरच वारणेचा प्रयोग झाला. 1998 मध्ये वारणानगरच्या परिसरातील सत्तर खेडी तारांनी जोडण्याची योजना निघाली. शेतकरी गावातल्या केंद्रात जाईल, पिकाची माहिती विचारेल, बाजारभाव पाहील, असे स्वप्न होते. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन आणि बिल यांसाठीच झाला. काही वर्षांनी अभ्यासकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम चालवून दाखवले आणि ते अधिक स्वस्तात, अधिक सोयीने चालले. मी याला अपयश म्हणत नाही. उसाचे वजन वेळेवर कळणे ही लहान गोष्ट नाही, हे ऊसवाल्यालाच विचारावे. पण वारणेने एक गोष्ट सांगितली. शेतकरी यंत्राला भीत नाही. ज्यात त्याचा स्वतःचा व्यवहार आहे ते यंत्र तो दुसऱ्या दिवशी आपलेसे करतो. ज्यात नुसता उपदेश आहे त्याकडे तो पाठ फिरवतो.

आता कुणी म्हणेल, मुख्याध्यापक महाशय, तुमचा सारा रोख कानडी संदेशावर आहे. तोच संदेश मराठीत आला असता तर प्रश्न सुटला असता. अर्धा सुटला असता, हे मी मान्य करतो. पूर्ण सुटला नसता. त्याचाही पुरावा महाराष्ट्रातच आहे. मोबाईलवर बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला पाठवणाऱ्या एका खाजगी सेवेचा अभ्यास मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत केला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. संदेश मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या शेतकऱ्यांत, सरासरीने पाहता, मिळालेल्या भावाच्या दृष्टीने म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मला याचे आश्चर्य वाटत नाही. नाशिकला टोमॅटोला काय भाव आहे हे कळून, ज्याचा माल आडत्याच्या उचलीला बांधलेला आहे तो शेतकरी काय करणार? संदेश येतो, पण त्याला उलट विचारता येत नाही. 'बरं, मग मी काय करू?' हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याच जागी यंत्र मुके होते.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या गुजरातेतले घ्या. सौराष्ट्रातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी फोनवरची एक आवाजी सेवा चालवली गेली. वाचायचे काही नाही. फोन उचलायचा, गुजरातीत ऐकायचे आणि आपल्या बोलीत आपला प्रश्न नोंदवायचा. त्याला जाणकार उत्तर देणार, आणि ते उत्तर इतरांनाही ऐकता येणार. शॉन कोल आणि निलेश फर्नांडो यांच्या अभ्यासात दिसले की, ही सेवा मिळालेले शेतकरी शिफारस केलेल्या निविष्ठांकडे वळले. आमच्याच कर्नाटकात 2006 नंतर 'डिजिटल ग्रीन'ने गावातल्याच शेतकऱ्यांच्या छोट्या फिती काढल्या, त्या गावातल्याच बैठकीत दाखवल्या आणि मध्ये फीत थांबवून प्रश्न विचारणारा एक स्थानिक माणूस नेमला. सोळा गावांतल्या त्या प्रयोगाचा अहवाल 2009 मध्ये आला. नेहमीच्या विस्तारकार्यापेक्षा नव्या पद्धती स्वीकारण्याचे प्रमाण सुमारे सातपट. 1956 च्या पुणे केंद्राने जे सांगितले तेच, फक्त रेडिओच्या जागी पडदा आला. बैठक हवी, आपली बोली हवी, आणि विचारता आले पाहिजे. या तीन पायांवर ही तिवई उभी राहते. एक पाय काढला की पडते.

त्यांतला बोलीचा पाय सीमाभागात मुळातच तोडलेला आहे, आणि माझ्या लेखाचे कारण तेच आहे. किसान कॉल सेंटर 21 जानेवारी 2004 रोजी सुरू झाले. बावीस भाषांत शेतकऱ्याशी बोलण्याची त्याची व्यवस्था आहे, त्यांत मराठीही आहे. योजना चांगली आहे, मी तिचा विरोधक नाही. पण तिची रचना राज्यवार आहे. अशा साऱ्याच योजनांत एक गृहीत धरलेले असते: राज्य सांगा, म्हणजे भाषा कळली. महाराष्ट्रात राहतो तो मराठी, कर्नाटकात राहतो तो कानडी. यंत्राला सीमारेषा नकाशावर दिसते. ती माणसांच्या घरांतून, वाड्यांतून, एकाच भावकीच्या दोन बांधांतून गेली आहे हे त्याला कुणी सांगितलेले नाही. 2001 मध्ये कर्नाटकाने 'भूमी' योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर आणले. देशभर वाखाणणी झाली, तलाठ्याच्या मागे फिरण्याचा वनवास संपला. पण खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो तो लागतोच. कागद हस्तलिखिताचा छापील झाला, त्याच्यासाठी तो अजून बंदच आहे.

2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण अठरा टक्क्यांच्या वर आहे. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाचे सरकारी नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे भारतात अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेले सूत्र आहे. त्यावर देखरेख ठेवण्यासाठी राज्यघटनेच्या 350 ब या कलमाखाली खास अधिकारी आहे. बटाट्यावर रोग येणार ही सूचना महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल? जप्तीच्या नोटिशीइतकीच ती महत्त्वाची आहे. उलट ती वेळेवर कळली तर जप्तीची नोटीस येणारच नाही.

इथे मी माझ्या कानडी मित्रांशी दोन शब्द बोलतो, कारण हा लेख त्यांच्याविरुद्ध वाचला जाऊ नये. आमच्या मराठी शाळांत मुले कानडी शिकतात, मी स्वतः कानडी वर्तमानपत्र वाचतो, आणि त्या नववीतल्या मुलीनेच तो संदेश वाचला. कानडी शिकावे याबद्दल वाद नाही. वाद इतकाच की, पिकावर रोग आला असताना साठीच्या शेतकऱ्याची भाषापरीक्षा घेऊ नये. आणि हीच तक्रार सीमेपलीकडे उलटी आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कानडी गावांत म्हाताऱ्या शेतकऱ्याला मराठीतला शुद्ध, पुस्तकी कृषिसल्ला येतो, तेव्हा त्याचीही गत माझ्या विद्यार्थ्यासारखीच होते. तिथल्या कानडी माणसासाठी जो मराठी माणूस बोलणार नाही, त्याला बेळगावात मराठीसाठी बोलण्याचा हक्क नाही, असे मी मानतो.

जे देश आपण मागासलेले समजतो, त्यांच्याकडून तरी शिकावे. इथिओपियाने 2014 मध्ये 8028 या क्रमांकावर शेतकऱ्यांसाठी फुकट दूरध्वनी सुरू केला, तो सुरुवातीपासूनच अम्हारिक, ओरोमो आणि तिग्रिन्या अशा तीन भाषांत. फोन लागला की आधी भाषा निवडायची. भाषा माणसाला विचारायची असते, ती जिल्ह्याच्या नावावरून ठरवायची नसते, एवढी साधी सभ्यता त्या क्रमांकात आहे.

आता एक नवा युक्तिवाद निघाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता यंत्रच भाषांतर करील, भाषेचा प्रश्नच संपला! 2022 पासून केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना त्यासाठी आहे. महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. मी याचे स्वागत करतो. यंत्राला मराठी येऊ लागली तर मला आनंदच आहे. पण दोन प्रश्न विचारतो. पहिला: कुठली मराठी? आमच्याकडे भातावरचा रोगही करपा, बटाट्यावरचाही करपा, आणि पान जळले की सगळाच करपा. कानडी शब्द आणि कानडी हेल घेऊन बोलणारी आमची बोली पुण्याच्या पुस्तकांवर वाढलेल्या यंत्राला कळेल का? त्याला ती शिकवायला आमच्या गावात कोण बसले आहे? दुसरा: यंत्राला मराठी येत असूनही ते बेळगावच्या फोनवर ती बोलणार का? हा प्रश्न तंत्राचा नाही. तो इच्छेचा आहे, आणि इच्छेचे भाषांतर करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

या सगळ्यात दुकानदार मात्र कधी चुकत नाही, हे ध्यानात घ्या. 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकऱ्यांना नवे तंत्र कुठून कळते हे विचारले होते. शंभरातल्या साठ कुटुंबांना कुठूनच कळत नव्हते. कृषी विस्तार कर्मचाऱ्याकडून कळते म्हणणारी कुटुंबे सहाच्या आत, आणि खते-औषधे विकणाऱ्याकडून कळते म्हणणारी तेरा. सर्वांत अधिक, जवळजवळ सतरा, दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून. शेतकरी कुणाचे ऐकतो? जो समोर आहे, जो त्याच्या भाषेत बोलतो आणि ज्याला उलट विचारता येते, त्याचे. सरकारी ज्ञान फुकट असून परके आहे. दुकानाचे ज्ञान महाग असून ओळखीचे आहे. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोण कोण जगते याचा हिशेब मांडला होता. त्या यादीत आता न समजणाऱ्या संदेशाची भर घालावी लागेल.

मग करायचे काय? सरकारकडे मागण्या चारच आहेत आणि एकीलाही फारसा पैसा लागत नाही. नोंदणी करताना शेतकऱ्याला विचारा, 'तुमची भाषा कोणती?' आणि ती त्याच्या नावापुढे लिहा. अक्षरी संदेशाबरोबर आवाजी संदेश द्या, कारण कान निरक्षर नसतो. धारवाडचे कृषिविद्यापीठ आणि राहुरीचे महात्मा फुले कृषिविद्यापीठ यांची कार्यक्षेत्रे आमच्या बांधावर एकमेकांना भिडतात. पाऊस एक, माती एक, रोग एक. मग राहुरीचा मराठी सल्ला बेळगावला आणि धारवाडचा कानडी सल्ला जतला का जाऊ नये? आणि चौथी: रयत संपर्क केंद्राच्या खर्चात पावसाळ्यातल्या चार महिन्यांपुरता गावोगाव एक बैठक चालवणारा माणूस धरा.

पण सरकारला सांगून मी हात झटकणार नाही. सीमाप्रश्न 1956 पासून आहे, महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला तो 2004 मध्ये. लढा लढलाच पाहिजे. त्यात आमच्या माणसांनी तुरुंग भोगला, प्राण दिले. पण करपा न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत नाही. आपण मराठीसाठी साहित्यसंमेलने भरवतो, मोर्चे काढतो, हे दिवाळी अंक काढतो. मराठीतून शेती शिकवणारी एक साप्ताहिक बैठक आपल्या किती गावांत आहे? जी भाषा सभेत गर्जते आणि शेतात मुकी राहते, ती भाषा नातवंडांच्या तोंडी किती दिवस राहील? माझ्यासकट आपण सर्व शिक्षक याबाबत दोषी आहोत. दहावीचा निकाल लावला की आमचे काम संपले, असे आम्ही समजत आलो.

2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या कोळीवाड्यात सिंगापूरहून गावच्याच एका मुलाचा फोन आला. स्वामिनाथन प्रतिष्ठानने चालवलेल्या तिथल्या ज्ञानकेंद्रात ध्वनिक्षेपक होता. ऐकणाऱ्यांनी तो सुरू केला, गावाच्या तमिळमध्ये गावाला हाक दिली आणि गाव वाचले. एक फोन, एक कर्णा, एक ओळखीचा आवाज. त्या दिवशी कुणी अॅप उघडले नाही.

आमच्या शाळेत येत्या जूनपासून दर शुक्रवारी संध्याकाळी एक वर्ग उघडा राहील. फळा आहे, वीज आहे, ध्वनिक्षेपक स्नेहसंमेलनाचा आहेच. आठवडाभरात शेतकऱ्यांच्या फोनवर आलेले संदेश आठवी-नववीची मुले मोठ्याने वाचतील, कानडीतून मराठीत सांगतील, आणि वडीलधारी मंडळी शंका विचारतील. ज्यांची उत्तरे आम्हाला देता येणार नाहीत त्या शंका कानडीत लिहून आम्हीच धारवाडला पाठवू. तो बटाटेवाला विद्यार्थी पहिल्या शुक्रवारी येणार म्हणाला आहे. मुलगीही येणार आहे. वाचायचे काम तिच्याकडे दिले आहे.